हीटरचा केशरी दिवा

हाव्गानिएमी,
८ जानेवारी २०१८

माझ्या धाकट्या ऊल्या,

तुला आणि तुझ्या माणसांना नव्या वर्षाचे आशीर्वाद, थोडे उशिराच. इथे सगळं ठीक आहे. थंडी आज सकाळी उणे एकतीस. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. परवा घरामागच्या भुर्जाखाली दोन रेनडिअर येऊन उभे राहिले होते, कोणाचे ते अंधारात कानावरच्या मालकाच्या खुणेवरून कळलं नाही.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. तीन ओळी छापील, एक तुझ्या हातची. "ताई, बाबा ज्या गाडीवरून गेले ती अजून शेडमध्ये असेल तर भंगारात दे. ती तिथे आहे तोवर मी घरात पाऊल ठेवणार नाही." अकरा वर्षांत तू मला लिहिलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. मी ते कार्ड खिडकीत उभं करून ठेवलंय. जाता-येता दिसतं.

आता चिडू नकोस हं. गाडी भंगारात दिली नाही. दुरुस्त करून घेतली.

झालं काय, माझी जुनी स्नोमोबाईल नोव्हेंबरात कायमची बसली. बेटापाशी तळ्याच्या बर्फाखाली माशांची जाळी लावलेली, गाडीशिवाय तिथे जायचं कसं? मग शेजारचा सामल म्हणाला, "शेडमध्ये चांगली निळी गाडी पडलीय, तिला ताडपत्री घालून किती वर्षं पुजणार आहेस?" त्याची जीभ तुला ठाऊकच आहे. त्याने इवालोहून पिस्टन मागवला, सिलिंडर मागवला आणि तीन आठवडे माझ्या शेडमध्ये बसून माझी कॉफी संपवली. कॉफीत टाकायचं चीजही संपवलं. मधेच एकदा तो इंजिनात डोकं घालून काहीतरी बोलला. ते जाऊ दे. गाडी सुरू झाली, एवढं खरं.

हिवाळ्यात बुडालेला सूर्य अजून वर आलेला नाही. दुपारी बाराच्या सुमाराला तळ्याच्या दक्षिणेला आभाळ निळं होतं, मग कडेला जरासं गुलाबी, आणि दोनला सगळं आवरून ठेवल्यासारखं होतं. तुम्हा दक्षिणेकडच्या तुर्कूवाल्यांना या दिवसांचा विसर पडला असेल. मला मात्र या दिवसांत झोप कुठे संपते आणि जाग कुठे सुरू होते ते कळेनासं होतं. काल दुपारी बाकावर बसल्याबसल्या बाबा दिसले. स्वयंपाकघराची जमीन बर्फाची होती, खालून मासे हळूहळू चालले होते आणि बाबा मधोमध त्या निळ्या गाडीवर बसून मोजा रफू करत होते. मी म्हटलं, "बाबा, इथे कशाला गाडी आणलीत?" तर म्हणतात, "गरम होऊ दे की जरा." एवढंच. मग मला पातेल्यातलं मांस करपल्याचा वास आला.

ईस्टरला येशील का? मागच्या वर्षीही विचारलं होतं, त्याआधीही. विचारते आपली.

तुझी
रिस्तेनताई

•

हाव्गानिएमी,
४ फेब्रुवारी २०१८

प्रिय ऊला,

अनेक आशीर्वाद. मंगळवारी तुझा फोन आला, आणि मी किती वेडी, धड दोन वाक्यं बोलले नाही. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला तुझा. तो बाबांसारखा झालाय, खालच्या पट्टीत गेलाय.

तू म्हणालास, "ताई, कशाला दुरुस्त केलीस? तिने बाबांना मारलं."

मी म्हटलं, "गाडी बिचारी काय करणार?"

मग तू म्हणालास, "बरोबर. गाडीने नाही, मीच. मीच म्हणालो होतो, ही फ्युएल-इंजेक्शनवाली आहे बाबा, हिला गरम करत बसायला नको, किल्ली फिरवा आणि निघा. माझं ऐकलं, गार इंजिन पळवलं त्यांनी आणि ते जाम झालं." आणि मी काय म्हटलं? "हं." फोन ठेवल्यावर मी त्या "हं"वरून स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की कुत्रा उठून बाहेर गेला.

म्हणून आता लिहिते. सगळं नाही लिहू शकणार कदाचित, पण लिहिते.

आधी गाडीचं सांगते, ते सोपं आहे. उणे पस्तीसला ही कशी सुरू करायची ते मी साठी उलटल्यावर शिकले. जुन्या गाडीला आपण चोक ओढायचो, चार वेळा रेस दाबायचो, दोरी खेचून खेचून खांदा निखळायचा आणि तिची मर्जी असली तर ती खोकत खोकत जागी व्हायची. हिचं तसं नाही. आदल्या संध्याकाळी घराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या खोक्यात इंजिनाच्या हीटरची वायर लावायची आणि आत येऊन बटण दाबायचं. सकाळी मागचं टोक धरून गाडी हलवायची, म्हणजे बर्फाला चिकटलेला खालचा रबरी पट्टा सुटतो. मग किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं. आत बारीक गुणगुण येते, पेट्रोलचा पंप असतो तो. ती थांबली की मगच सेल मारायचा. आणि अंगठा रेसवर ठेवायचाच नाही! पहिल्या दिवशी मी सवयीने रेस दाबत बसले. दाबते आहे, दाबते आहे, गाडी ढिम्म. सामल कुंपणाला टेकून मजा बघत होता.

"अगं रिस्तेन, तिला शिकवू नकोस," तो ओरडला. "किती पेट्रोल प्यायचं ते तिचं तिला कळतं. तुझ्यासारखी नाही ती, सांगितल्यावर तोंड बंद ठेवणाऱ्यांतली आहे!"

"तुझ्या बायकोला सांग हे," मी म्हटलं. त्याची आनी खिडकीतूनच हसली.

गरम असली की पहिल्या सेलला सुरू होते, आणि इतकी हळू बोलते की अंगणातला बर्फही ऐकत असावा. मी तिच्यावर बसून राहते. समोर तळं निळं, आभाळ निळं, मधली रेघ कुठेच नाही. बेट जमिनीपासून सुटून वर तरंगतंय असं वाटतं. अशा वेळी मला खरंच वाटतं की बाबा आत कोट चढवताहेत आणि आता बाहेर येऊन म्हणतील, "ऊठ, माझी जागा आहे ती."

दिव्यांचं तुला आठवतं का? हीटरच्या खोक्यावरचा तो केशरी दिवा. गावात सहा घरं, सहा दिवे. कोणी कोणाला विचारायचं नाही की उद्या कुठे निघालास. विचारलं की जाळी रिकामी येतात. संध्याकाळी खिडकीतून बघायचं, कोणाचा दिवा लागलाय. लागला असेल तर तो माणूस सकाळी निघणार. दुपारपर्यंत गाडी दिव्याखालीच उभी दिसली तर जाऊन दार वाजवायचं, माणूस आजारी तर नाही ना. अजूनही तसंच चालतं. म्हणून या गावात काही लपत नाही, ऊल्या. मला वाटत होतं लपतं. सामलने इंजिनात डोकं घालून जे म्हटलं ते याच दिव्याबद्दल होतं.

तो काय म्हणाला ते लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठून चुलीत लाकडं घातली. आता घरात इतकं उकडतंय की दार उघडावं लागलं.

एकच सांगते. तू स्वतःला जे लावून घेतलंयस ते तुझं नाही. कसं ते पुढच्या वेळी सांगते. हे पत्र मात्र आज टाकणारच, नाहीतर मी फाडून टाकीन.

तुझी ताई

•

हाव्गानिएमी,
११ मार्च २०१८

ऊला,

आशीर्वाद आज वर लिहीत नाही. पत्र संपेपर्यंत तुला ते माझ्याकडून हवे असतील की नाही, ठाऊक नाही.

तुझं उत्तर मिळालं. "काय माझं नाही? कोड्यात बोलू नकोस ताई." बरोबर आहे तुझं. बाबांनाही कोडी आवडायची नाहीत.

सामल म्हणाला होता, "रिस्तेन, त्या दिवशी तुमचा दिवा गाडी गेल्यावर लागला."

बस, एवढंच. आणि पाना मागितला. त्याने तेरा नंबरचा मागितला की चौदाचा ते न ऐकता मी भलताच दिला. त्याला अकरा वर्षं माहीत होतं, आणि तो रोज माझ्याकडे कॉफी प्यायला येत होता.

सगळं पहिल्यापासून सांगते. बाबा एकोणऐंशीचे होते. त्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर दूध सांडल्यासारखं दिसायचं. त्यांनी मला शपथ घातली होती की ऊलाला कळवायचं नाही, नाहीतर तो येऊन त्यांना शहरात नेईल. मी नाही कळवलं. दिवा लागलाय की नाही हेही त्यांना दिसत नव्हतं. हाताने चाचपून बघायचे, वायर खोक्यात आहे ना, म्हणजे झालं. आणि हट्ट तर असा की रोज बेटावर जायचंच. वाऱ्याने तळ्यावरच्या वाटेच्या खुणेच्या काठ्या पडलेल्या, थंडी वाढलेली, मी म्हणायचे, "बाबा, उद्या नका जाऊ हो." ते म्हणायचे, "जाळी काय तू बघणार आहेस?" वास्तविक मी बघितली असती. त्यांनी बघू दिली नसती.

आणि ऊल्या, तुझं ते बोलणं त्यांनी कधीच मनावर घेतलं नव्हतं. नाताळात तू गाडी दिलीस, मिठी मारलीस, किल्ली फिरवा आणि निघा म्हणालास, आणि तू परत गेल्यावर त्याच संध्याकाळी त्यांनी हीटरची वायर लावली. मला म्हणाले, "पोरगा शहरात राहतो. बोलू दे त्याला." हसले होते. एकही संध्याकाळ त्यांनी वायर चुकवली नाही. त्या संध्याकाळीही नाही.

त्या संध्याकाळी उणे सदतीस होतं. ते आठला झोपले. मी कोटांच्या खुंट्यांजवळ गेले आणि हीटरचं बटण बंद केलं.

मी बंद केलं, ऊला. मी.

वाटलं, सकाळी गाडी सुरू होणार नाही. शिव्या घालत आत येतील, कॉफी पितील, दिवसभर माझ्याशी बोलणार नाहीत, पण घरात राहतील. सगळं आयुष्य जुन्या गाड्यांबरोबर गेलेलं माझं. उणे सदतीसला हीटरशिवाय जुनी गाडी सुरू झालेली मी कधी पाहिली नव्हती. तूच दिलेली ही नवी गाडी गारठ्यातही सुरू होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू सांगितलेलं मीही ऐकलं होतं की. बाबांसारखीच मीही ते सोडून दिलं होतं.

सकाळी सातला मी अंथरुणातच होते, जागी. पहिला सेल मारला, नाही. दुसरा मारला, नाही. मला आनंद झाला, ऊल्या. मी पांघरुणात हसले. आणि तिसऱ्याला ती सुरू झाली.

इंजिन खडखडत होतं. गार इंजिनाचा आवाज कसा असतो ते आपल्याला लहानपणापासून कळतं. मला कळला. बाबांना का नाही कळला? टोपी कानावर होती, आणि त्यांना खात्री होती की रात्रभर गरम झालीय. गरम गाडी म्हणून ते लगेच निघाले, नेहमीसारखे. मी मोजे न घालताही दारापर्यंत पोचले असते. दहा पावलं. पण जाऊन काय म्हणणार? थांबा बाबा, मी बटण बंद केलं होतं? मी म्हटलं, पाच मिनिटं तरी उभी ठेवतीलच. नाही ठेवली. आवाज तळ्यावर गेला, बारीक झाला, आणि मी तो ऐकत पडून राहिले.

मग उठले आणि बटण पुन्हा चालू केलं. बाबा परत आल्यावर त्यांना काही कळू नये म्हणून. रिकाम्या खोक्यावर दिवा लागला. तोच सामलने पाहिला.

पुढचं तुला ठाऊक आहे. तळ्याच्या मध्यावर पिस्टन जाम झाला, वारा सुटला, ते चालत घराकडे निघाले आणि काठ्या न दिसल्यामुळे उत्तरेला भरकटले. दुपारी सामलनेच शोधलं. तो म्हणतो, बर्फात बसले होते, टेकून, झोपल्यासारखे. मला ते स्वप्नात नेहमी तसेच दिसतात, पण डोळे उघडे असतात आणि ते काहीतरी ऐकत असतात.

दफनानंतर सगळे कॉफीला बसलेले असताना तू उभा राहून म्हणालास, "मी सांगितलं होतं त्यांना, गरम करू नका म्हणून." तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं होतं ताई म्हणेल, नाही रे, ते तर रोज गरम करायचे. एक वाक्य. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हो. म्हणाला होतास."

बाबांचं मी चुकून केलं, भीतीपोटी केलं, असं मी स्वतःला सांगू शकते आणि कधीकधी ते मला पटतंही. तुझं मी समजून उमजून केलं. माझा भाऊ दुसऱ्या दिवशीच्या बसने गेला आणि मी खिडकीतून बघत राहिले. अकरा ईस्टर गेले. दर वर्षी "येशील का" लिहायचे आणि मनातून घाबरायचे की हा खरंच आला तर? तू येत नव्हतास म्हणून मी रडायचे, आणि हायसंही वाटायचं. असलं माणूस आहे तुझी बहीण.

परवा मी सामलला विचारलं, "तू का नाही बोललास कधी?"

तो म्हणाला, "दिवा तुमच्या घराचा. त्याबद्दल मी कशाला बोलू?" मग बराच वेळ चीजचा तुकडा कपात ढवळत बसला. "पोराला सांग," म्हणाला. "तो उगाच तिकडे गारठलाय." मग उठून टोपी घातली आणि गेला. त्या दिवशी दुसरा कपही घेतला नाही त्याने.

आता सूर्य वर असतो. दुपारी बर्फावर इतका उजेड पडतो की डोळे मिटावे लागतात, आणि मिटल्यावर आत सगळं केशरी दिसतं. काल मी गाडी घेऊन तळ्याच्या मध्यापर्यंत गेले आणि इंजिन बंद केलं. किती शांत असतं रे तिथे. बर्फ कुठेतरी लांब कण्हत होता. मी मोठ्याने सगळं बोलून दाखवलं बाबांना, बटणाचं, दिव्याचं, तुझं. किल्ली अर्धी फिरवली, पंपाची गुणगुण झाली, पहिल्या सेलला सुरू झाली. मग घरी आले आणि हे लिहायला बसले.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी बाराची बस तळ्याच्या दक्षिण टोकाला थांबते, आठवतंय ना? मी गाडी घेऊन तिथे असेन. तू उतरला नाहीस तर मी समजेन, आणि पुन्हा कधी "येशील का" विचारणार नाही. उतरलास आणि माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मग किल्ली तू घे, चालव तू. मी मागे बसेन आणि मला पडायला होईल इतक्या जोरात नेलंस तरी हूं की चूं करणार नाही. गाडी भंगारात द्यायची असेल तर घरी आल्यावर दे, तुझ्या हाताने. ती तुझीच आहे. तिने काही केलं नाही, आणि तूही नाही.

आदल्या संध्याकाळी मी बटण लावीन. सहाही घरांना कळेल की रिस्तेन उद्या कोणाला तरी आणायला निघालीय, आणि कोणी काही विचारणार नाही. सकाळी निघताना वायर काढीन, पण बटण बंद करणार नाही. त्या बटणाला बंद करायला माझा हात लागणार नाही आता. खोक्यावरचा दिवा दिवसभर तसाच जळेल. ते बटण कोटांच्या खुंट्यांजवळ, डाव्या हाताला आहे.

तू येऊन बंद कर.

जिने ते बटण बंद केलं, आणि जिला तू ताई म्हणायचास, ती
रिस्तेन